हिमालयात जरूर जा, पण धौलाधारच्या पायथ्याशी

स.न.वि.वि.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. वय 68. शाळेत चित्रकला शिकवायचे. यजमान 74 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला. सध्या तब्येत बरी आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. माझा उजवा गुडघा जिना उतरताना त्रास देतो. यंदा आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, 'दोघं सात दिवस लडाखला जाऊन या, पैसे मी भरतो.' यजमानांच्या मनात केदारनाथ आहे, हेलिकॉप्टरने. शेजारचे एका टूर कंपनीबरोबर नऊ दिवसांत सिमला, मनाली, धरमशाला, डलहौसी, अमृतसर उरकून आले. रोज पहाटे पाचला बॅग खोलीबाहेर ठेवायची, असं सांगत होते. ऐकूनच माझं धाबं दणाणलं. मला स्वतःला पहाडी चित्रं, जुनी देवळं, बौद्ध मठ निवांत बघायचे आहेत. पण आमच्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होईल याचा संकोच वाटतो. या वयात असा हट्ट धरावा का?

– एक बडोदेकर वाचक

प्रिय ताई,

जरूर धरा. तुमच्या पत्रात मुलाचं लडाख आधी आलंय, मग यजमानांचं केदारनाथ, मग शेजाऱ्यांची सहल, आणि तुम्हाला काय बघायचंय ते सगळ्यांच्या मागून. मी तुमचं ते वाक्य पहिलं धरते. पहाडी चित्रं, जुनी देवळं आणि मठ हे तिन्ही फार उंच न चढता एकाच ठिकाणी बघायचं असेल, तर हिमाचलातलं कांगडा खोरं निवडा. धरमशाला आणि पालमपूर असे दोनच मुक्काम, मिळून आठ-नऊ रात्री. शेजाऱ्यांनी जेवढ्या दिवसांत पाच गावं केली, तेवढ्यात तुम्ही हे एक खोरं बघा.

आधी उंचीचं बोलू, कारण त्यात यजमानांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर. लेह सुमारे 3,500 मीटरवर, आणि तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांश. दिल्लीहून विमानात बसलं की दीडेक तासात माणूस लेहला उतरतो, पण शरीराला त्या हवेची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. सात दिवसांच्या सहलीत हे दिवस सहसा मोकळे सोडत नाहीत. लगेच आणखी उंचावरची खारदुंग ला खिंड आणि पँगाँग सरोवर सुरू होतं. केदारनाथही 3,583 मीटरवर आहे. हेलिकॉप्टर काही मिनिटांत वर नेऊन सोडतं. पायांचे कष्ट वाचतात, पण छातीला सवय व्हायला वेळच मिळत नाही. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो. स्टेंट असलेली माणसं तिथे कधीच जात नाहीत असं नाही, मात्र जावं की नाही हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून सांगायचं. ते मुलाने ठरवायचं नाही आणि मीही नाही.

धरमशाला सुमारे 1,450 मीटरवर, पालमपूर 1,200 च्या आसपास, मॅक्लोडगंज 2,000 च्या थोडं वर. डॉक्टरांना इथलंही विचारा, आणि विचारायला जाताना हे आकडे कागदावर लिहून न्या. 'हिमालयात जातोय' असं मोघम म्हटलं की डॉक्टर केदारनाथ धरून चालतात आणि नको म्हणून मोकळे होतात.

इतक्या खाली राहून हिमालय दिसतो का, असं यजमान विचारतील. कांगड्यात दिसतो, आणि फार जवळून दिसतो. धौलाधार ही तिथली हिमालयाची रांग, आणि तिच्या पुढे टेकड्यांच्या रांगांमागून रांगा नाहीत. पालमपूरच्या चहाच्या मळ्यात उभं राहिलं की मळा संपतो तिथून डोंगर थेट वर चढत जातो, चार हजार मीटरच्याही पलीकडे. गुडघ्याला कसलाही त्रास न देता, खुर्चीत बसून तासभर बघत राहावं असं ते दृश्य आहे.

आता तुमची चित्रं. अठराव्या शतकात कांगड्याजवळच्या गुलेरला पंडित सेऊ नावाचे चित्रकार होते, माणकू आणि नैनसुख हे त्यांचे मुलगे. या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी आणि राजा संसारचंदाच्या (कारकीर्द 1775 ते 1823) आश्रयाने कांगडा कलम, म्हणजे तिथली चित्रशैली, बहरलं. गीतगोविंद, भागवत, नायिकाभेद यांवरची ती नाजूक पानं तुम्ही शाळेतल्या मुलांना छापील पुस्तकांतून नक्की दाखवली असणार. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे गेल्यावर हिरमोड नको. या शैलीतली सगळ्यात गाजलेली पानं कांगड्यात राहिलेली नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात, चंदीगडच्या सरकारी संग्रहालयात आणि परदेशात ती विखुरली आहेत. धरमशालेच्या कोतवाली बाजारात कांगडा कलेचं संग्रहालय आहे, ते लहान आहे. तरी बघा, आणि सोबत भिंग न्या. चित्र वहीच्या पानाएवढं असतं, आणि पापणीची रेघ खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली असते. काचेबाहेरून नुसत्या डोळ्यांना ती कळत नाही. संग्रहालयातून बाहेर आलात की ज्या गोलसर हिरव्या टेकड्या, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि फुललेली झाडं राधाकृष्णामागे रंगवली आहेत, ती सगळी समोर दिसतील. दिल्लीच्या संग्रहालयात हे मिळत नाही. माझ्या मते तुम्ही कांगड्याला जायचं ते यासाठी.

निघण्याआधी बडोद्यात दोन फेऱ्या मारा. काखेत कळसा असं आपलं नको व्हायला. तुमच्या घराजवळच्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं पुन्हा एकदा नीट बघा. कथा सांगण्याची मराठी मंडळींची रीत डोळ्यांत ताजी असली की पहाडी चित्रकार कुठे वेगळा विचार करतो ते चटकन लक्षात येईल. दुसरी फेरी कमाटी बागेतल्या संग्रहालयाची. तिथे तिबेट आणि नेपाळच्या वस्तू आहेत. हर्मन गॉट्झ हे जर्मन कलेतिहासकार या संग्रहालयाचे संचालक होते, आणि कांगड्याशेजारच्या चंबा भागातल्या लाकडी देवळांचा अभ्यास त्यांनीच केला. हिमालयाच्या कलेशी बडोद्याचं नातं असं जुनं आहे. यजमानांनाही बरोबर न्या. बागेत रोज अर्धा तास चालायचा नेम आत्तापासून धरलात तर तोच तुमचा सराव.

मठांसाठी धरमशाला पुरेसं आहे. दलाई लामा 1959 मध्ये भारतात आले आणि 1960 पासून त्यांचं वास्तव्य मॅक्लोडगंजला आहे. वर जायला 2022 पासून रोपवे आहे, त्यानेच जा. वळणावळणाचा रस्ता आणि शनिवार-रविवारची वाहनांची रांग दोन्ही टळतात. मुख्य मंदिराच्या अंगणात दुपारी भिक्षूंचा शास्त्रचर्चेचा वाद चालू असला तर बाजूला टेकून बघा. एक जण बसलेला, दुसरा उभा राहून प्रश्न विचारतो आणि प्रश्न संपताच पाय आपटून जोरात टाळी देतो. अर्थ कळला नाही तरी त्यातला आवेश पोचतो. पण तुमच्यासाठी खरी जागा खाली सिद्धपूरला आहे: नोर्बुलिंगका संस्था. 1988 मध्ये ती तिबेटी कला टिकवायला सुरू झाली. थांगका म्हणजे कापडावरची तिबेटी बौद्ध चित्रं. ती रंगवणाऱ्यांच्या दालनात लाकडी चौकटीला दोऱ्याने ताणून शिवलेलं सुती कापड असतं. त्यावर खडू आणि सरसाचा लेप देऊन ते घासून गुळगुळीत केलेलं असतं. त्यावर आधी पेन्सिलच्या रेघांची जाळी पडते, कारण बुद्धाच्या चेहऱ्याचं, हातांचं माप शास्त्राने ठरलेलं आहे, त्यात चित्रकाराची मर्जी चालत नाही. शिकाऊ मुलं काही वर्षं नुसतं रेखाटनच करतात. आणि डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. आयुष्यभर वर्गात फळ्यावर चेहऱ्याची मापं आखून दाखवलेल्या शिक्षिकेने इथे अख्खी सकाळ घालवावी. टूरवाले 'पाऊण तास' म्हणतील. तुम्ही सांगा, आम्हाला इथे सोडा आणि जेवायच्या वेळी न्यायला या. रविवारी जाऊ नका, काम बंद असतं.

पालमपूरचा मुक्काम देवळांसाठी. तिथून बैजनाथ तासाभराच्याही आत येतं. नाव ऐकून परळी आठवेल, आणि इथलाही देव वैद्यनाथच. मंडपातल्या शिलालेखात शके 1126, म्हणजे इसवी सन 1204 अशी नोंद आहे, आणि आहुक व मन्युक या दोन व्यापारी भावांनी देऊळ बांधल्याचं त्यात लिहिलं आहे. राजाने नाही, व्यापाऱ्यांनी. 4 एप्रिल 1905 च्या भूकंपात कांगड्याचं खोरं उद्ध्वस्त झालं, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, कांगड्याचं ब्रजेश्वरी मंदिर कोसळलं. बैजनाथ मात्र उभं राहिलं. गावात दसऱ्याला रावण जाळत नाहीत, कारण रावणाने इथे शिवाची तपश्चर्या केली अशी श्रद्धा आहे. यजमानांना इथे पहाटेच्या आरतीला घेऊन जा. देऊळ रस्त्यालगतच आहे, दमछाक नाही, आणि मागे धौलाधार.

मसरूरला आठव्या शतकातली खडकात कोरलेली देवळं आहेत, समोर कुंड. वेरूळच्या कैलासाच्या जातीचं आणि साधारण त्याच शतकातलं काम, पण अपुरं राहिलेलं आणि भूकंपाने खचलेलं. जमीन खडबडीत आहे. तुम्ही काठी घेऊन कुंडाच्या कडेपर्यंत जा, वर चढायचा आग्रह कुणी केला तरी चढू नका. अंद्रेट्टाला शोभासिंग या चित्रकाराचं घर आणि कलादालन आहे, आयरिश नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स यांचं मातीचं घरही तिथलंच. एक दुपार पुरे.

कांगड्याचं 'धाम', म्हणजे तिथलं पारंपरिक पंगतीचं जेवण, एकदा तरी जेवा. बोटी म्हणजे तिथले आचारी. ते पितळेच्या भांड्यांत रांधतात आणि पत्रावळीवर वाढतात: दह्यातल्या छोल्यांचा मदरा, उडदाची डाळ, आंबटगोड खट्टा, शेवटी गोड भात. सगळं शाकाहारी असतं. पंगत जमिनीवर बसते, तेव्हा तुमच्या गुडघ्यासाठी खुर्चीची सोय आधीच सांगून ठेवा.

जायचं कधी? जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अजिबात नको, धरमशालेला धो धो पाऊस असतो आणि दरडी कोसळतात. बडोदेकरांनी नवरात्र आणि कोजागिरी घरी करून निघावं, किंवा दिवाळीनंतर. तेव्हा आकाश स्वच्छ असतं. थंडी मात्र बोचरी. आपल्याकडच्या स्वेटरवर भागणार नाही, कानटोपी आणि लोकरी मोजे हवेतच. दुसरा हंगाम मार्चअखेर ते एप्रिल. त्या वेळी चहाची पहिली खुडणी चालू असते आणि डोंगरात बुरांस फुललेला असतो. रंगांसाठी तुम्हाला एप्रिल आवडेल, डोंगर स्पष्ट दिसायला नोव्हेंबर.

बडोद्याहून जम्मूकडे जाणाऱ्या गाड्या पठाणकोट छावणीला थांबतात, म्हणजे दिल्लीला सामान घेऊन फलाट बदलायची धावपळ नाही. दोघांनाही खालचा बर्थ मागा, थेपले बरोबर घ्या. पठाणकोटपासून धरमशाला मोटारीने तीनेक तास. त्या दिवशी तिथे पोचून आराम करायचा, बाकी काही नाही. खोऱ्यातून 1929 पासून छोटी रेल्वे धावते, पण 2022 च्या पुरात चक्की नदीवरचा पूल पडला आणि तिची वाहतूक विस्कळीत झाली. कुठल्या टप्प्यात चालू आहे ते तिथे गेल्यावर विचारा आणि जमलं तर तासाभराचा प्रवास करा. सगळी सहल तिच्यावर बेतू नका.

टूर कंपनी निवडताना जाहिरातीतली ठिकाणं मोजू नका. त्यांना फोन करून हे विचारा: सलग किती रात्री एकाच हॉटेलात? गाडीत रोज जास्तीत जास्त किती तास? सकाळी किती वाजता निघणार? गटात किती माणसं? खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ मिळेल का, कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? देवळापासून गाडी किती अंतरावर थांबते? आणि एखाद्या दिवशी आम्ही हॉटेलातच थांबलो तर चालेल का? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याच्याकडे पैसे भरू नका. रोज तीन तासांपेक्षा जास्त गाडी, किंवा नवाच्या आत निघणं एखाद्या दिवसापेक्षा जास्त वेळा, असं असेल तर ती सहल 'ज्येष्ठांसाठी' असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी तुमच्यासाठी नाही. वाटाड्या स्थानिक आणि परवानाधारक हवा. बरोबर येणारा मराठी व्यवस्थापक जेवणखाण सांभाळतो, पण थांगका आणि शिलालेख समजावायला तिथलाच माणूस लागतो. मनासारखा गट मिळाला नाही, तर तुमच्यासारखी आणखी दोन जोडपी शोधा आणि गाडी-चालक-वाटाड्या असा स्वतंत्र बेत करून घ्या. बडोद्यात अशी मंडळी भरपूर आहेत, फक्त कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा.

तब्येतीचं एकच कळकळीने सांगते. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी, विशेषतः बायका, प्रवासाच्या दिवशी दोन गोष्टी परस्पर करतात: पाणी पिणं बंद आणि लघवीची गोळी बंद. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने. याने बीपी चढतं, चक्कर येते, आणि दोष डोंगराला लागतो. बीपीच्या गोळ्यांत ती गोळी असली तर प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या, आणि चालकाला सांगून ठेवा की दर सव्वा-दीड तासाने गाडी थांबवायची. औषधं दोन पिशव्यांत विभागा, एक कायम हाताशी. यजमानांचा जुना ईसीजी आणि स्टेंटचं कार्ड बरोबर हवं. कांगड्याजवळ टांडा इथे मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, हे मुलालाही सांगा. त्याचा जीव थोडा खाली बसेल. उतारासाठी दोघांनाही काठी घ्या. गुडघा चढताना नाही, उतरताना दगा देतो, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

आणि तो खोळंबा. ताई, सहलीचे पैसे तुम्हीही तेवढेच भरता. तुमच्या चालीने चालणारा गट निवडणं हा त्यावरचा उपाय आहे. मन मारून घरी बसणं हा उपाय नाही. चुकीच्या गटात गेलात तर तुम्ही धापा टाकत धावाल, तरी मागे पडाल आणि वर माफीही मागाल. योग्य गटात तुमच्याच वयाची दहा-बारा माणसं असतील, प्रत्येकाचं काहीतरी दुखत असेल, आणि चहासाठी थांबायचं कुणी म्हटलं की सगळ्यांनाच हवं असेल.

मुलाला नाही म्हणायची गरज नाही. त्याने लडाख सुचवलं, कारण त्याच्या वयाची माणसं तिकडे जातात आणि फोटो त्याने तिथलेच पाहिलेत. त्याला सांगा की पैसे तूच भर, जागा आम्ही निवडली आहे. दोन खालचे बर्थ, पठाणकोटहून चांगली गाडी आणि तळमजल्यावरची खोली, एवढं तू बघ. त्याला काम दिलंत की तो खूश होईल.

यजमानांचं केदारनाथ मात्र 'नंतर बघू' म्हणून टाळू नका, त्यांच्या मनाला लागेल. भाऊबीजेला केदारनाथाची कवाडं बंद होतात आणि देवाची डोली उखीमठला येते. सबंध हिवाळा केदारनाथाची पूजा तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात चालते. उखीमठ सुमारे 1,300 मीटरवर आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते. डॉक्टरांनी केदारनाथाला नको म्हटलं तर पुढच्या वर्षी दिवाळीनंतर उखीमठला जाता येईल, आणि दर्शन केदारनाथाचंच होईल. हे आजच त्यांच्या कानावर घाला, म्हणजे यंदाच्या कांगड्याला ते मनापासून तयार होतील. डॉक्टरांचा होकार आला की लगेच बर्थ राखून ठेवा. सुट्ट्यांच्या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या फार लवकर भरतात.